बिघाड शोधणारा माणूस

१८८५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा एक सोळा वर्षांचा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वडील काशिनाथपंत विद्वान, वेदान्ताचा अभ्यास असलेले. मुलाने शिकून नोकरीला लागावे, ही त्या काळच्या कोणत्याही वडिलांची असते तशीच त्यांची अपेक्षा. पण मुलाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नव्हते. चित्रे काढणे आणि हाती येईल ती वस्तू उघडून आत काय आहे ते पाहणे, हे दोनच नाद. वडिलांची नाराजी असताना थोरले बंधू रामूअण्णा खर्चाला उभे राहिले, म्हणून मुंबई दिसली.

दोन वर्षे गेली आणि एक गोष्ट लपवता येईना. रेषा उत्तम, प्रमाण अचूक, पण रंग चुकत होते. मुलाला काही रंगांतला फरकच कळत नव्हता. वर्णांधत्व हा बहुधा जन्मजात दोष, पुरुषांत अधिक आढळतो आणि त्यावर औषध नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला अठराव्या वर्षी हे कळणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. पुष्कळ जण अशा वेळी गावाकडची गाडी पकडतात. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या तरुणाने रंगाची पेटी बाजूला ठेवली आणि जिथे रंग लागतच नाहीत अशा यंत्रचित्रणाच्या वर्गात तो जाऊन बसला. काळी शाई, पांढरा कागद, फूटपट्टी आणि कंपास. दोष डोळ्यात होता, हातात नव्हता, हे त्याने ओळखले. त्यांच्या आयुष्यातले बिघाडाचे हे पहिले निदान. अशी निदाने पुढे त्यांना किती तरी करावी लागली.

यंत्राचे चित्र काढणे हे निसर्गचित्र काढण्यासारखे नव्हे. त्यात यंत्राचा छेद घ्यावा लागतो. म्हणजे यंत्र मधोमध कापले तर आत जे दिसेल ते न कापता कागदावर उतरवायचे. कोणता दांडा कुठल्या चाकाला फिरवतो, बेअरिंग कुठे बसते, तेल कुठून जाते, हे कळल्याशिवाय ती रेघ ओढताच येत नाही. ज्याला छेद काढता येतो त्याला यंत्र न उघडता आत पाहता येते. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट तेव्हा नुकतीच निघाली होती. (आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते, इंग्रजी आद्याक्षरे मात्र तीच राहिली.) तिथे लक्ष्मणराव यंत्रचित्रणाचे साहाय्यक शिक्षक झाले. वर्ग सुटला की कार्यशाळेत जायचे, यंत्रे खोलायची, जोडायची आणि परदेशी यंत्रविषयक मासिके वाचायची. कोणत्याही पदवीविना हा माणूस यंत्रज्ञ झाला तो असा.

या विषयाकडे मी वळलो त्याचे कारण सांगतो. साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना महामार्गाच्या कडेला आता जी गॅरेजे दिसतात, त्यांत मिस्त्रीच्या हातात पान्यापेक्षा एक छोटे यंत्र अधिक वेळ असते. गाडीच्या पुढच्या फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की मालक घाबरून गाडी आणतो. मिस्त्री स्टिअरिंगखालच्या खाचेत वायर खुपसतो आणि पडद्यावर एक अक्षर व चार आकडे उमटतात. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. आपल्याकडे ती २०१० नंतरच्या दशकात रुळली. ‘पी ०३०१’ असे आले, तर पहिल्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही. ‘पी ०१७१’ आले, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे.

आता गंमत अशी, की आकडा बिघाडाचे नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पहिल्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही, पण का? प्लग गेला असेल, कॉइल गेली असेल, इंजेक्टर तुंबला असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. कच्चा मिस्त्री एकेक भाग नवा घालत जातो आणि बिल वाढत जाते. पक्का मिस्त्री पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, दुसरीची पहिल्यावर, आणि गाडी पुन्हा चालवतो. आकडा बदलून ‘पी ०३०२’ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे तो कॉइलमध्येच आहे. आकडा तसाच राहिला, तर कॉइल निर्दोष, पुढे शोधा. एक पैसाही खर्च न होता अर्धे उत्तर हाती येते. ‘पी ०१७१’ पाहून बरेच जण धुराड्याकडचा ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावतात. तो बिचारा नुसता निरोप्या. दोष अनेकदा हवा ओढणाऱ्या एखाद्या रबरी नळीला गेलेल्या चिरेत असतो. आणि यंत्राचे बटण दाबून दिवा घालवून देणारे महाभागही आहेत. शंभर किलोमीटर गेल्यावर तो परत लागतो.

ही विद्या नवी नाही. आमच्या कृष्णाकाठाला ती तीन पिढ्यांपासून विहिरीवरच्या डिझेल इंजिनामुळे आली. बँकेत असताना ग्रामीण शाखांतून मी इंजिन-पंपाची कर्जे भरपूर दिली. त्या निमित्ताने विहिरी पाहायला जावे लागे. इंजिन चालू होत नसेल तर मिस्त्री आधी टाकीत डिझेल आहे का ते बघायचा, मग नळीत हवा धरली आहे का ते. स्क्रू सैल करून बुडबुडे निघून जाईपर्यंत डिझेल वाहू द्यायचे, मग हँडल मारायचे. चालू झाल्यावर त्याची नजर धुरावर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. फिल्टर बघा, नोझल बघा. निळसर धूर म्हणजे वंगण जळते आहे, रिंगा गेल्या असतील. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, नाहीतर गॅस्केटमधून पाणी आत येते आहे. तीन रंगांची ही बाराखडी शिकलेली कितीतरी पोरे पुढे सांगली-मिरजेत गॅरेजवाली झाली. या सगळ्या इंजिनांवर जे आडनाव ओतलेले असे, त्या आडनावाच्या मूळ पुरुषाला रंग धड ओळखता येत नव्हते, याची मला नेहमी मौज वाटत आली आहे.

तर लक्ष्मणराव मुंबईत शिक्षक होते. बढतीची वेळ आली आणि ती जागा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. १८९७ च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला. इथेही पाहण्यासारखे असे, की त्यांनी अर्जविनंत्यांत वर्षे घालवली नाहीत. कामात दोष असता तर सुधारता आला असता. दोष कातडीच्या रंगात धरला गेला होता, आणि तो त्यांच्या दुरुस्तीच्या कक्षेत नव्हता.

बेळगावात रामूअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान १८८८ सालापासूनच होते. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवत, बेळगावात बंधू विकत. आता दोघे एकत्र आले. सायकल विकायची, चालवायला शिकवायची आणि मोडली की दुरुस्तही करायची. दुरुस्तीच्या या धंद्यातून लहानसा कारखाना उभा राहिला. पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. मग लोखंडी नांगर.

या नांगराची कथा आपल्याकडे पाठ्यपुस्तकी थाटात सांगितली जाते. शेतकरी अंधश्रद्ध, लोखंडाने जमिनीत विष कालवते अशी त्यांची समजूत, म्हणून पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. घडले तसेच, पण शेतकऱ्याला अडाणी म्हणून हे प्रकरण मिटवणे मला पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, मोडला तर त्याच दिवशी दुरुस्त करी. लोखंडी नांगराला रोकड मोजायची, आणि ऐन नांगरटीत फाळ तुटला तर काय? बेळगावला माणूस पाठवायचा? तोवर वाफसा जायचा. ओतीव लोखंडाचा हा जुनाच पेच आहे. कठीण ओतले तर दगडाला लागून फुटते, मऊ ओतले तर धार बसते. इंग्लंडच्या रॅन्सम या कारागिराने १८०३ साली त्यावर तोड काढली होती. फाळाची खालची बाजू ओततानाच झटकन थंड करून कठीण करायची, वरची मऊ ठेवायची. म्हणजे वरची बाजू झिजत जाते आणि धार आपोआप राहते. पण ते परदेशी नांगर इथल्या शेतकऱ्याच्या खिशाबाहेरचे. विषाची गोष्ट हा शेतकऱ्याच्या मनातल्या भीतीचा पिवळा दिवा होता. खरी भीती हंगाम बुडण्याची.

ही भीती व्याख्यानाने जाणारी नव्हती. नांगर शेतात चालवून दाखवावा लागतो, त्याचे सुटे भाग वेळेवर मिळावे लागतात. एकदा तो चालू लागला की काळ्या रानात फरक डोळ्यांना दिसतो. लाकडी नांगर माती उकरतो, लोखंडी नांगर ती पलटी करतो. हरळी आणि कुंदा यांची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. ज्यांनी हरळीशी झुंज घेतली आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. हळूहळू मागणी वाढली.

आणि नेमके तेव्हाच १९१० साल उजाडले. कारखान्याची जागा बेळगावच्या नगरपालिकेला वस्तीसाठी हवी झाली. चाळिशी उलटलेला माणूस, भट्ट्या, लेथ आणि कामगारांसह रस्त्यावर येण्याची वेळ.

या सुमारास लक्ष्मणराव औंधला बांधकामाच्या कामावर होते. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले गाव. तेव्हा एका चिमुकल्या संस्थानाची राजधानी. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकार होते, हे औंधचे संग्रहालय पाहिलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. एक चित्रे काढणारा राजा आणि एक चित्रकला सोडावी लागलेला यंत्रज्ञ. दोघे जवळजवळ एकाच वयाचे. बाळासाहेबांनी संस्थानात जागा देऊ केली आणि बिनव्याजी दहा हजार रुपये कर्ज दिले.

मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचले. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर काय झाले असते, हा विचार अनेकदा मनात येतो. तारणाला जमीन नाही. कारखाना उठवला गेलेला. मालाला बाजारपेठ नुकती कुठे मिळू लागलेली. वरिष्ठांकडे पाठवताना शिफारशीच्या रकान्यात कोणीही सावध शब्द लिहिले असते. पण बाळासाहेबांनी माणसाचे काम डोळ्यांनी पाहिले होते, आणि ज्याचे कर्ज बुडेल तोच ते देत होता. दोन्ही गोष्टी आमच्या पद्धतीत बसत नाहीत.

कर्जदारही कसलेला निघाला. राजधानीतच कारखाना काढण्याचा मोह त्यांनी आवरला. औंधला रेल्वे नव्हती, रहिमतपूर स्टेशन दूर. कोळसा आणि कच्चे लोखंड यायचे रेल्वेने, नांगर जायचे रेल्वेने. बैलगाडीच्या भाड्यातच नफा जिरला असता. औंध संस्थान तुकड्यातुकड्यांत विखुरलेले होते. त्यातला कुंडलचा तुकडा पुणे-मिरज लोहमार्गाला लागून. तिथल्या कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकरांचा माळ लक्ष्मणरावांनी मागून घेतला. निवडुंग, साप आणि पाण्याचा तुटवडा, एवढेच तिथे मुबलक होते. १० मार्च १९१० रोजी वसाहतीचा मुहूर्त झाला. लक्ष्मणराव, रामूअण्णा, पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे. जमशेदपूरच्या भट्टीतून पोलाद बाहेर पडायला अजून दोन वर्षे अवकाश होता.

त्या पहिल्या उन्हाळ्यात बायकांनी काय सोसले असेल, याविषयी आपल्याकडे कमी लिहिले जाते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि इतर घरच्या बायका यांनी त्या माळावर चुली मांडल्या, मुले सांभाळली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची जेवणे काढली. कारखान्याच्या जमाखर्चात ही रक्कम कुठेच सापडत नाही.

वसाहत आकाराला आली तीही एका स्वतंत्र डोक्याने. शिवाशीव मानायची नाही, हा नियम. रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी नेमले ते दरोड्यांत शिक्षा भोगून आलेल्यांना. शेजारपाजारचे हबकले असणार. पण ज्याला चोरीच्या वाटा ठाऊक, तोच त्या राखू शकतो, आणि माणसाला पोटाची शाश्वती मिळाली तर त्याचा चोर राहत नाही, हा हिशोब होता. याच औंध संस्थानात पुढे १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत निघाली. तिच्यावरून शांतारामबापूंनी १९५७ साली काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ आपण सर्वांनी पाहिला आहे.

१९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि विलायतेहून येणारा माल आटला. आयात नांगर बाजारातून गेले, ही संधी. पण कच्चे लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला, हे संकट. मग भट्टीत लाकडी कोळसा घालून पाहिला. लोखंडासाठी मोडीचा शोध सुरू झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा देऊ केल्या. त्या वितळून त्यांचे नांगर झाले. रंग मिळेना तर रंगही वाडीतच तयार करण्याचे प्रयोग झाले. वर्णांध माणसाच्या कारखान्यात रंग तयार व्हावा, ही आणखी एक गंमत.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव, म्हणजेच शंवाकि, यांनी कारखान्याचे खबरपत्र काढले. आधी त्यात नांगर-चरकांच्या बातम्या असत. त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’. आजीच्या फडताळात ‘स्त्री’चे जुने अंक सापडले नाहीत असे मराठी घर विरळा. नांगराच्या कारखान्यातून स्त्रियांचे मासिक निघावे, हे जगात इतरत्र फारसे घडलेले नसावे.

थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ साली इंजिनिअर होऊन आले. त्याच वर्षी वाडीत पंप तयार झाला. पदवी नसलेल्या बापाच्या हाताखाली पदवीधर मुलगा, ही जोडी नेहमी सुखाची नसते. पण लक्ष्मणरावांनी मुलांना मोकळे सोडले. हरिहरला १९४१ मध्ये यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचाही नांगर आणि इंजिनांचा कारखाना होता. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. एकाच जुन्या सातारा मुलखात दोन घरांनी इंजिने करावीत, आणि त्यांच्या निमित्ताने गावोगाव मिस्त्री तयार व्हावेत, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखकांनी जरा दुर्लक्षिलीच आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूरच्या मुलखात ब्राह्मणांची घरे पेटली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्या आगीत सापडला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांनी निवडुंग उपटून उभे केलेले बरेच काही जळाले. इथे कोणत्या सिलिंडरमध्ये बिघाड होता, हे सांगणे सोपे नाही. ज्या वाडीत शिवाशीव नव्हती, जिथे कुंडल-पलूसच्या शेकडो घरांना काम मिळाले होते, तिच्यावरही लोक चालून आले. शेजारचे कुंडल हे नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे केंद्र. तिथल्या माणसांनी राज्याच्या मालकीचा प्रश्न नुकताच विचारला होता. वाडीत घर मिळालेला आणि वाडीच्या कुंपणाबाहेर राहिलेला, यांना ती वसाहत सारखी दिसत नसणार. जातीचा राग, गावगाड्यातल्या जुन्या सावकारीची आठवण, हत्येचा संताप, लुटीची हाव, हे सगळे त्या दिवसांत एकात एक मिसळले. एक कॉइल इकडची तिकडे करून त्याचा उलगडा होण्यासारखा नव्हता. निरपराधांची घरे जळाली, एवढे मात्र त्यात स्पष्ट आहे, आणि ते सौम्य करून सांगण्याचे कारण नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला. भट्ट्या पेटल्या, पंप निघू लागले. औंध संस्थान त्याच वर्षी भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. ज्या राजाने दहा हजार दिले होते ते बाळासाहेब १९५१ साली गेले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले, तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी होते. शंवाकिंनी ‘यांत्रिकाची यात्रा’ या पुस्तकात त्यांचा जीवनपट लिहून ठेवला आहे. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी असे नाव आहे, आणि गाडी तिथे थांबली की फलाटापलीकडे कारखान्याच्या छपरा दिसतात. तिथे अजून पंप तयार होतात.